अलीकडे, पलीकडे, आत

किन्हीराजाच्या अलीकडे, महामार्गाच्या जाळीला लागून जी वस्ती आहे, तिथं कुणाची शेळी चोरीला गेली तर पोलिसांनी कुत्रं आणू नये, केशरबाईला बोलवावं, असं लोक म्हणतात. उगाच नाही म्हणत. माणूस ओट्यासमोरून गेला आणि केशरबाईनं त्याला "कुठी चाल्ला?" विचारलं नाही, असं आजवर झालेलं नाही. "वाशीमले" एवढं सांगून सुटका होईल असं वाटत असेल, तर तुम्ही तिला ओळखतच नाही. वाशीमला कोणाकडे, कायले, परत कधी, पिशवीत काय, आणि निघताना बायकोशी भांडला काहून, इथपर्यंत गाडी जाते. भांडण झाल्याचं तिला कसं कळलं? शर्टाची बटणं वरखाली लागली होती ना! डोक्यात भांडण असलेला माणूस बटणं धड लावत नाही, हे तिचं शास्त्र.

माहेर इंझोरीचं. लग्न होऊन आली तेव्हा घरात नुकतीच वीज आली होती. घरातले सारे दिवे बंद असताना मीटरची चकती फिरते का, हे पाहायला नवी नवरी दुपारभर मीटरसमोर पाट टाकून बसली. सासू कपाळाला हात लावून म्हणाली, "माय वं, येडी तं नाही दिली आपल्याले?" संध्याकाळी सून म्हणाली, "आत्याबाई, फिरून राह्यली." शोध घेतला, तर मागच्या घरवाल्यानं भिंतीतून गुपचूप तार ओढलेली निघाली. सासूनं त्या दिवसापासून तिला येडी म्हणणं सोडलं आणि कोठीची किल्ली तिच्या कमरेला बांधली.

अशा बाईला नवरा मिळाला तो माणिकराव. हा गडी दिवसभरात जेवढं बोलायचा तेवढं केशरबाई दात घासताना बोलून मोकळी व्हायची. पण त्याला तिचं बोलणं आवडायचं. घरात रेडिओ घेतला नाही तो त्यामुळेच, असं तो म्हणे. दोघांनी मिळून थोडंसं वावर सांभाळलं, सोयाबीन काढलं, हरभरा काढला, एकुलत्या रवीला शिकवलं. रवी आता अकोल्याला वायरिंगची कामं घेतो. त्याची बायको पौर्णिमा इथंच असते, शिवणकाम करते. पौर्णिमेची खूण म्हणजे तिचा आवाज. ती वावरातून हाक मारते तेव्हा किन्हीराजाच्या फाट्यावर एसटी थांबते, असं शेजारचा रामराव म्हणतो.

आता आधी खेळाचं सांगून घेतो, नाहीतर पुढं काही समजायचं नाही.

महामार्गाचं काम चालू होतं तेव्हा कंपनीचा कॅम्प याच शिवारात पडला होता आणि माणिकराव दिवसा त्याच्या गेटवर बसायचा. कॅम्पातले साहेब लोक संध्याकाळी एका लोखंडी काठीनं पांढरे चेंडू मारायचे. गोल्फ. टीव्हीवर दाखवतात त्या गोल्फला हिरवळ लागते, तळी लागतात, पिशवीभर काठ्या लागतात. साहेबांकडे होती एकच काठी, तिच्यावर सातचा आकडा. लांब मारावा, तर चेंडू जाणार रोलरखाली. हळूच लोटत भोकात घालावा, तर मुरमात नि ढेकळात चेंडू लोळतो कुठला? मग राहिला मधला फटका. चेंडू उचलून मारायचा आणि ठरल्या जागी नेऊन टाकायचा, बस्स. केशरबाई डबा द्यायला जायची ती हे पाहत तासभर उभी राहायची. एका साहेबाला तिनं विचारलंही होतं, "साहेब, याच्यात दमाचं काम दिसत नाही, मंग घाम कायचा येते तुमाले?" साहेब रुमालानं कपाळ पुसू लागला.

कॅम्प उठला. रोलर चालवणाऱ्या धरमसिंगनं भंगारातून ती काठी आणि बादलीभर चेंडू काढले नि माणिकरावच्या हवाली केले. "ले बाबा, अब तू खेल. साब लोग तो गए." झालं, खेळ गावात शिरला आणि गावचा होऊन बसला.

हरभरा निघाला की पेरणीपर्यंत वावरं मोकळीच असतात. दोन वावरांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर उभं राहून मारायचं. समोर, हाक पोचेल पण कुजबुज पोचणार नाही इतक्या अंतरावर, एक मोठा गोल. गवताचे चोचले कोण पुरवणार? लोकांनी तो गोल खळ्यासारखा केला: धुमसानं ठोकला, पाणी मारलं, शेणानं सारवला. मधोमध एक घमेलं पालथं. चेंडू गोलात टेकला तर आत, मग तो उडून कुठंही जावो. ढेकळात पडला तर तिथंच रुतून बसतो, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही. गोलाजवळ एक पाहणारा उभा राहतो आणि ओरडतो: अलीकडे! पलीकडे! आत! हे काम अर्थातच पौर्णिमेचं. आणि वाद झालाच, तर ज्याचं वावर त्याचा शब्द शेवटचा.

वावर होतं रामरावचं, कारण त्याच्याइतकं सपाट वावर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. माणिकरावचा धुरा त्याला लागून. रामराव माणूस वाईट नाही, पण मापाचा कडक. दर नांगरटीला तो दोरी घेऊन धुरा मोजायचा आणि बोटभर माती इकडची तिकडे झाली की आभाळ डोक्यावर घ्यायचा. खेळातही तेच. चेंडू रेघेवर पडला की हा गुडघे टेकून, एक डोळा मिटून पाहणार. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, एकदा म्हटलं होतं, "यायच्या हातून चटणी वाढून घ्याची सोय नाही, ताटात रेघ मारतात."

आणि अशा रामरावसमोर माणिकराव या खेळातला राजा होता. सालोसाल त्याला कोणी हरवलं नाही. हळूच काठी मागं न्यायचा, हळूच आणायचा, आणि चेंडू असा उचलला जायचा की धुऱ्यावरचे लोक माना वर करून पाहत राहायचे. पौर्णिमा तिकडून गर्जायची, "आऽऽत!"

मग गेल्या उन्हाळ्यात तो हरू लागला. रोज नाही, अधूनमधून. एक दिवस पाचातले पाच आत, दुसऱ्या दिवशी चेंडू कुठच्या कुठं. लोक म्हणाले, वय झालं. केशरबाई म्हणाली, "वय काय एक दिवसाआड येते का?"

तिथून तिची झोप उडाली. पहिला संशय रामरावचा आला. आपला म्हातारा धुऱ्याच्या भांडणाला कंटाळून मुद्दाम तर हरत नाही ना? ती तडक रामरावच्या घरी. चतुराबाई खाटेवर कुरड्या घालत होती.

"रामरावभाऊ, खरं सांगा. आमचा बुढा तुमच्यासंग मुद्दाम हरून राह्यला का?"

रामराव असा उसळला की कुरड्यांवरचा कावळा उडाला. "मुद्दाम? म्हणजे मले खेळता येत नाही म्हणता, वहिनी?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलं तुमी!"

चतुराबाई हसू दाबत म्हणाली, "केशरबाई, जिंकल्यापासून हे घरात शीळ घालून राह्यले. एवढं सुख राहू द्या बिचाऱ्याले."

संशय फुकट गेला. मग केशरबाईनं वाऱ्यावर नजर ठेवली. वारा असला की माणिकराव हरतो, हे खरं निघालं. पण तोच वारा रामरावलाही होता आणि त्याचे चेंडू एवढे भरकटत नव्हते. मग तिनं जेवण पाहिलं, झोप पाहिली, चप्पल पाहिली. चपलेत काही नव्हतं. पौर्णिमा वैतागली. "आत्याबाई, खेळ हाय तो. हारजीत चालतेच."

"चालते ना. पण काहून चालते, ते पाहू दे मले."

उत्तर मिळालं ते पौर्णिमेच्याच घशातून. माहेरच्या लग्नात गाणी म्हणून म्हणून तिचा आवाज पार बसला. त्या दिवशी ती गोलाजवळ उभी राहून नुसता लाल टॉवेल हलवत होती. रामरावला टॉवेल पुरला. बाकीच्यांना पुरला. माणिकरावनं मारला तो चेंडू थेट महामार्गाच्या जाळीला जाऊन लागला. सारे हसले. माणिकरावही हसला. हसली नाही ती केशरबाई. तिच्या डोक्यात वाऱ्याचे सारे दिवस एकदम उभे राहिले. वारा चेंडूला नेत नव्हता हो. वारा पौर्णिमेचा आवाज नेत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माणिकरावचाच एक शर्ट नेऊन वावरातल्या बोअरच्या पाइपावर अडकवला आणि ओट्यावर येऊन चहा पीत बसली. "अवो, रवीचे बाबा, तिकडे कोण उभं हाय पाहा बरं."

माणिकरावनं मान वळवली, जरा थांबला. "रामराव असंन," म्हणाला, आणि हात वर करून त्यानं शर्टाला चांगला खणखणीत रामराम ठोकला.

केशरबाईला आधी हसू फुटलं. खदखदून हसली ती. आणि हसता हसताच डोळ्यांना धार लागली. साऱ्या गावाच्या बटणांवर नजर ठेवणाऱ्या बाईला आपल्याच घरचं दिसलं नाही, याचा तिला असा राग आला की तिनं कपबशी आपटली.

"कधीपासून?"

माणिकरावनं आपटलेली बशी हातानं चाचपून पाहिली. मग म्हणाला, "दोन सालं झाले असंन."

"आन मले सांगतलं नाही?"

"तू इचारलं नाही." 

आता यावर काय बोलावं? जन्मभर विचारत आलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. पण मग तिच्यातली मूळची केशरबाई जागी झालीच. "मंग मारता कसे तुमी? इतके दिवस चेंडू आत गेला कसा?"

"पायापाशी दिसते ना. माती काळी, चेंडू पांढरा. त्याच्या पुढं सारं ताक हाय. पौर्णिमा बोलते तिथं गोल हाय, एवढं मले समजते."

"आन लांबी? लांबी कशी समजते?"

"दुसऱ्याचा चेंडू पडते तवा आयकतो. खळ्यावर पडला तं टप्प वाजते. मातीत पडला तं फस्स."

"हात बावा!" केशरबाई उठली, बादली घेऊन आली, आणि त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. एक चेंडू सारवलेल्या अंगणात टाकला. "टप्प," माणिकराव म्हणाला. एक वाफ्यात टाकला. "फस्स." एक वाफ्याच्या कडेला, अर्धा इकडे अर्धा तिकडे. माणिकराव थांबला. "रेघेवर." बाई एवढी रंगून गेली की चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हाच ती भानावर आली, आणि मग तिला आठवलं की आपण रागावलेलो आहोत.

"मोतीबिंदू हाय हा. वाशीमले सरकारी दवाखान्यात काढून देतात. अर्धं गाव काढून आलं."

"नाही."

"काहून नाही?"

"नाही म्हणजे नाही."

काहून नाही, ते तिला ठाऊक होतं. माणिकरावच्या थोरल्या भावाचं आपरेशन झालं होतं, बरंच जुनं. डॉक्टरनं पट्टी बांधून सांगितलं, धुळीत जाऊ नको. त्यात पाऊस आला. वापसा झाला, माती पेरण्याजोगी झाली. सारं गाव पेरायला निघालं आणि हा घरात पट्टी बांधून बसणार? वऱ्हाडातला माणूस तो, पट्टी काढून खिशात घातली आणि तिफणीमागं उभा राहिला. घाम गेला, माती गेली, डोळा गेला. मरेपर्यंत भाऊ एका डोळ्यानं राहिला, आणि माणिकरावच्या मनात आपरेशन म्हणजे डोळा जाणं, हे जे बसलं ते बसलं.

"तो डोळा आपरेशननं नाही गेला, पेरणीनं गेला," केशरबाई म्हणाली.

"समजते ना मले," माणिकराव म्हणाला. "पण भेवाले समजते का?"

तिनं सारे उपाय केले. रवीला फोनवर रडायला लावलं. पौर्णिमेकडून सांगून पाहिलं. अबोला धरून पाहिला. तो चहाच्या वेळेपर्यंतही टिकला नाही. माणिकराव आपला गोड हसायचा आणि म्हणायचा, दिसते तेवढं पुरते.

पुरत नव्हतं. एका संध्याकाळी खेळ संपल्यावर भरकटलेला चेंडू शोधायला तो रामरावच्या विहिरीच्या अंगानं गेला. त्या विहिरीला कठडा नाही. पौर्णिमेनं पाहिलं आणि ती अशी किंचाळली, "मामाजी, थांबाऽऽ!" की धुऱ्यावरची माणसं जागच्या जागी गोठली. माणिकराव एक पाय उचलून थांबला. तो पाय त्यानं जिथं ठेवला असता, तिथं जमीन नव्हती.

केशरबाई धावली. त्याला ओढून मागं आणलं, आणि मग तिच्या हातात ती सात नंबरची काठी होती नि ती काठी दगडावर आपटायला निघाली होती. "मोडतेच ही! डोळे नाही तं खेळ कायचा? मेले असते ना आता! मी काय करू मंग, कोणाले बोलू दिवसभर?"

"मोडू नको, केशर," माणिकराव म्हणाला. एवढं होऊनही सवयीनं त्यानं चेष्टाच केली. "तुले एवढंच वाटते तं मले या खेळात हरवून दाखव. हरलो तं जातो दवाखान्यात."

बोलून गेला बिचारा. जिनं जन्मात काठी धरली नाही ती काय हरवणार, हा त्याचा हिशेब.

"शब्द?" केशरबाईनं विचारलं.

"शब्द."

"रामरावभाऊ, आयकलं ना तुमी?"

रामरावनं नुसती मान हलवली. विहीर त्याची होती, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्याच दिवशी त्यानं विहिरीभोवती काटेरी तार ताणली.

मग सुरू झाली केशरबाईची शाळा. पहिल्या दिवशी तिनं चेंडू सोडून बाकी सारं मारलं: ढेकळं, धसकटं, एकदा स्वतःचा पाय. लुगडं खोचून, पदर कमरेला गुंडाळून ती धुऱ्यावर उभी राहायची आणि वस्तीतल्या बायका पोरांना कडेवर घेऊन तमाशा पाहायला यायच्या. चतुराबाई म्हणाली, "केशरबाई, हरभरा पेरायचा असंन तं चांगलं खणून राह्यल्या."

"हसा तुमी. आन मले सांगा, चेंडू उजवीकडेच काहून जाते?"

चतुराबाईला काय ठाऊक! मग केशरबाईनं ज्याला ठाऊक होतं त्यालाच विचारलं. घरी जाऊन माणिकरावपुढं काठी धरून उभी राहिली. "अशी धरू का अशी?" आणि गंमत पाहा, ज्याला हरवायचं तोच शिकवायला बसला. तिच्या बोटांवर बोटं ठेवून त्यानं काठी कशी धरायची ते दाखवलं. जोर लावू नको, काठीलाच जाऊ दे. चेंडूकडे पाहा, मी तिथंच पाहतो, तेवढंच मले दिसते. ती विचारत गेली, तो सांगत गेला. एवढ्या वर्षांच्या संसारात तो कधी इतकं बोलला नव्हता. आपण शिकवतोय ते कशासाठी, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण विद्या विचारणारा भेटला की माणसाला राहवत नाही.

हळूहळू चेंडू उठू लागला. मग सरळ जाऊ लागला. मग एक दिवस पौर्णिमा तिकडून ओरडली, "आत्याबाई, आऽऽत!" आणि केशरबाई धुऱ्यावरच उकिडवी बसून हसत सुटली. दहा मारले की एखादा आत जायचा. माणिकरावचे, वारा नसला तर, बहुतेक सारे. हिशेब काही जमत नव्हता.

चतुराबाईनं उपाय सांगितला. "पौर्णिमाले म्हणा, तुह्या सासऱ्याच्या पाळीले गप राह्य. बुढा आपोआप हरते."

केशरबाईनं विचार केला. खोटं कशाला सांगू, चांगला रात्रभर केला. मग म्हणाली, "नाही. लबाडीनं नेलेला माणूस दवाखान्याच्या पायरीवरून पळून येते. त्याले वाटलं पायजे का तो खरंच हरला."

ज्येष्ठातल्या एका सकाळी, ऊन चढायच्या आधी, सारी वस्ती धुऱ्यावर जमली. ठरलं ते सोपं: एकाआड एक चेंडू, एकाचा आत आणि दुसऱ्याचा बाहेर झाला की निकाल. वारा पडलेला होता. केशरबाईनं हे लगेच ताडलं: वारा नसणं माणिकरावच्या बाजूचं होतं. तरी तिनं पौर्णिमेला ओरडून सांगितलं, "चांगलं मोठ्यानं बोल वं! मामाजीले आयकू गेलं पायजे!"

"इकडे, मामाजी, इकडेऽऽ!" पौर्णिमा ओरडत राहिली. माणिकरावनं मारला. टप्प. आत.

केशरबाईची पाळी. हात घामेजले होते. तिला त्या साहेबाची आठवण झाली, घाम कायचा येतो ते आत्ता समजलं होतं. मारला. चेंडू खळ्याच्या काठावर आपटून उडाला. रामराव गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला, सारवणावरचा खळगा पाहिला. "आत," म्हणाला. धुऱ्यावर शिट्ट्या झाल्या.

दुसरा चेंडू. माणिकरावनं काठी मागं नेली, पौर्णिमा ओरडत होती, आणि नेमका त्याच क्षणी महामार्गावरच्या ट्रकनं असा भोंगा दिला की पाखरं उडाली. काठी खाली आली होती. चेंडू डावीकडे, पार ढेकळात.

"पुन्हा मारा," केशरबाई लगेच म्हणाली. "भोंगा वाजला. हा धरायचा नाही."

"मारला तो मारला," माणिकराव म्हणाला. "खेळात भोंगा बी असते. मार तू."

आता हा एक चेंडू. आत गेला तर माणिकराव दवाखान्यात जाणार, बाहेर गेला तर पुन्हा पाळी, आणि पुन्हा पाळी म्हणजे केशरबाईची हार, हे तिला ठाऊक होतं. तिनं पदर आवळला. जोर लावू नको, स्वतःला बजावलं, आणि मारला. चेंडू उठला, सरळ गेला, असा सुंदर गेला की चतुराबाईच्या तोंडून "अगं माय" निघालं. आणि गोलाच्या अलीकडे, चांगला हातभर अलीकडे, ढेकळात रुतून बसला.

साऱ्यांनी पाहिलं. एकानं पाहिलं नाही.

"आत का बाहीर?" माणिकरावनं विचारलं.

पौर्णिमेनं तोंड उघडलं, सासूकडे पाहिलं, आणि मिटलं. धुऱ्यावर कोणी हालेना. केशरबाई बाहेर म्हणणार होती. देवाशप्पथ म्हणणार होती, लबाडी करायची नाही हे तिनंच ठरवलं होतं. पण तेवढ्यात रामराव चेंडूजवळ जाऊन गुडघ्यावर बसला. नेहमीसारखा एक डोळा मिटला. जमिनीला गाल लागेल इतका वाकून पाहिलं. मग उठला आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असा बोलला, "आत!"

चतुराबाईनं पदर तोंडात धरला. रामरावनं धुऱ्यावरच्या साऱ्यांवर एक नजर फिरवली. "वावर माह्यं हाय, शब्द माह्या हाय. कोणाले काही म्हणाचं हाय का?" कोणाला काही म्हणायचं नव्हतं. केशरबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

माणिकराव धुऱ्याखाली बाजूला, ढेकळांत कान देऊन उभा होता. "रामराव," तो म्हणाला, "तो खळ्यावर नाही वाजला."

रामराव गुडघ्यावरची माती झटकू लागला.

"मातीत पडला. फस्स झालं. मी आयकलं ना."

"तुले दिसते का?" रामराव खेकसला. "मले दिसते. मी आत म्हणतो तं आत हाय."

माणिकराव हसू लागला. खांदे हालेपर्यंत हसला. "जनमभर धुऱ्यावर बोटभर माती सोडली नाही रे तू मले. आन आज चेंडूले हातभर सोडून राह्यला? हा कोणता रामराव हाय, हे आता पाह्यलंच पायजे मले." मग हसू ओसरलं आणि तो म्हणाला, "हरलो मी. जातो."

केशरबाई धुऱ्यावरच बसली आणि मोठ्यानं रडू लागली. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सारं बाहेर आलं. पौर्णिमा सासऱ्याला धरून आणायला धावणार होती, रामरावनं हातानं तिला थांबवलं. माणिकराव स्वतःच निघाला, ढेकळं तुडवत, रडण्याच्या अंगानं, अगदी सरळ. येऊन तिच्याजवळ उभा राहिला.

"रडू नको वं. हरलो म्हटलं ना. उद्या जाऊ."

"उद्या तुमाले पुन्हा भेव येईन," ती हुंदके देत म्हणाली. "आताच चाला. एसटी हाय." तिनं नाक पुसलं, वर पाहिलं, आणि तिला राहवलं नाही. "आन मले एक सांगा, भेव सुरू कुठून होते? पोटातून का छातीतून?"

माणिकरावनं जरा विचार केला.

"पायातून," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून फाट्याकडे चालू लागला.